वस्तऱ्याचा कोन

माणसाचा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरी या दोघांच्या झटापटीत शेवटी हरतं ते पोलादच. काही दाढ्या झाल्या की ब्लेड बोथट होतं आणि फेकून द्यावं लागतं. केस मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर.

हे घडतं कसं, याचा छडा २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी लावला. जियानलुका रोशिओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आत मावेल असं एक छोटं यंत्र बनवलं आणि पातं केसाला भिडतं तेव्हा धारेचं काय होतं ते पाहिलं. धार झिजून हळूहळू गोलसर होत असेल, असा साधारण समज असतो. इथे मात्र तिचे टवके उडत होते. टवका केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. पण एक उडाला की त्याच्या आजूबाजूचे उडणं सोपं होतं. विशेष म्हणजे प्रत्येक केस टवका उडवत नव्हता. केस वाकलेला असला, धार त्याला तिरकी भिडली आणि नेमक्या त्या जागी पोलादात कमी-जास्त कठीण कण शेजारी शेजारी असले, तरच टवका उडे.

दाढी करणाऱ्याच्या दृष्टीनं यात सगळं आलं. केस ताठ उभा पण आतून मऊ हवा, धार योग्य कोनात यायला हवी आणि पोलाद एकजीव हवं. आजच्या कार्ट्रिजच्या रेझरमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी कारखान्यातच ठरून येतात. वस्तऱ्यात त्या सगळ्या हातावर येऊन पडतात. म्हणूनच चांगली दाढी म्हणजे काय, हे समजून घ्यायला वस्तऱ्याइतकं प्रामाणिक हत्यार नाही. वस्तऱ्याची दाढी गुळगुळीत होते ती दाबामुळे नव्हे. केस भिजवणं, त्वचा ताणणं आणि कोन सांभाळणं ही कामं आधी नीट झाली, तर धारेला करण्यासारखं फार थोडं उरतं.

आधी पाणी

पुरुषाच्या चेहऱ्यावर दाढीचे दहा हजारांहून जास्त केस असतात. ते डोक्यावरच्या केसांपेक्षा जाड आणि राठ असतात आणि दिवसाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडे कमी वाढतात. केस बनतो केराटिन या प्रथिनाचा. त्याच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी बांधणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे असतात. गंधकाचे बंध पक्के. पाण्याला ते दाद देत नाहीत. हायड्रोजनचे बंध मात्र पाणी आत शिरलं की सुटतात. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून घेऊ शकतो. तसा तो भिजला की फुगतो, लवचीक होतो आणि कापायला बरंच कमी बळ लागतं.

पण केसावर त्वचेतल्या तेलाचा पातळ थर असतो आणि तो पाण्याला अडवतो. म्हणून दाढीआधी चेहरा साबणानं धुणं हा सोपस्कार नव्हे, ती पहिली पायरी आहे. त्यानंतर कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं दाढी भिजत ठेवावी. अंघोळीनंतर दाढी करणाऱ्यांचं हे काम आपोआप झालेलं असतं. सलूनमध्ये गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर ठेवतात तो याचसाठी. त्यात मिळणारा आराम हा वरचा नफा.

भिजलेला केस उघड्यावर लगेच सुकू लागतो. तो ओला ठेवणं हे फेसाचं मुख्य काम. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण भरपूर असतं आणि ते सोडिअमबरोबरच पोटॅशिअमच्या क्षारानं साबणात रूपांतरित केलेलं असतं. पोटॅशिअममुळे साबण मऊ राहतो, पाण्यात चटकन विरघळतो. स्टिअरिक आम्लामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. फुगलेला, मोठ्या बुडबुड्यांचा फेस दिसायला छान, पण त्यात हवाच जास्त. वस्तऱ्याला हवा असतो तो बारीक बुडबुड्यांचा, चकाकणारा, ओला फेस. ब्रश गोल गोल फिरवला की आडवे पडलेले केस उठून उभे राहतात आणि फेस त्यांच्या मुळाशी जातो. गालावरचा फेस सुकून पांढरा चुरा दिसू लागला, तर तिथे वस्तरा लावायचा नाही. पुन्हा ब्रश फिरवायचा.

एकजीव पोलाद

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पोलाद बनवायची रीत अशी होती: लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत पुरून कित्येक दिवस तापवायच्या. कोळशातलं कार्बन लोखंडात मुरायचं, पण वर जास्त आणि आत कमी. अशा पोलादाच्या धारेत एक जागा कठीण तर शेजारची मऊ. घड्याळं बनवणारे बेंजामिन हंट्समन यांना स्प्रिंगांसाठी हे पोलाद पसंत पडेना. १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ त्यांनी मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवायची पद्धत बसवली. वितळलं की कार्बन सगळीकडे सारखं पसरतं. या मुशीतल्या पोलादावर शेफिल्डचे वस्तरे पुढे जगभर गेले. धारेचा टवका पोलादातल्या विषमतेपाशी उडतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला आणखी पावणेतीनशे वर्षं जायची होती. पण ती विषमता काढून टाकायची गरज एका घड्याळजीला तेव्हाच कळली होती.

बंद मुशीत पोलाद करायची विद्या दक्षिण भारतात मात्र त्याआधी कित्येक शतकं होती. 'वूट्झ' या नावानं युरोपला ते पोलाद माहीत झालं आणि या कथेत मुंबईचाही वाटा आहे. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यांची तपासणी करून जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली सोसायटीपुढे निबंध वाचला. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट हेही वूट्झच्या मागे लागले. पुढे १८२० च्या सुमारास त्यांनी तरुण मायकेल फॅरडे यांना बरोबर घेऊन पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडिअम असे धातू थोडे थोडे मिसळून पाहिले. विजेच्या संशोधनासाठी जगाला माहीत असलेले फॅरडे त्या काळात धारेच्या पोलादावर काम करत होते.

पोलाद लाल तापवून एकदम थंड केलं, म्हणजे आपले लोहार म्हणतात तसं त्याला पाणी दिलं, की ते कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग ते पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा कमी करायचा. वस्तऱ्याचं पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ६० च्या आसपास ठेवतात. यापेक्षा मऊ ठेवलं तर धार वाकते, जास्त कठीण केलं तर तुटते.

पाठ हीच मोजपट्टी

वस्तरा हातात घेऊन आडवा धरला की त्याची सगळी हुशारी दिसते. धारेच्या विरुद्ध बाजूला जाड पाठ, आणि पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं पातं. नेहमीच्या वस्तऱ्याचं पातं पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद असतं आणि पाठ साडेचार मिलिमीटरच्या आसपास जाड. हे पातं दगडावर पूर्ण आडवं टेकवलं, तर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. या दोन मापांतून धारेचा कोन आपोआप ठरतो: साधारण १६ अंश. धार लावणाऱ्याला कोन डोळ्यांनी मोजावा लागत नाही, हातानं सांभाळावा लागत नाही. शिवाय वर्षानुवर्षं दगडावर घासताना पाठ आणि धार दोन्ही बरोबरीनं झिजतात, त्यामुळे कोन जवळपास तोच राहतो. बापाचा वस्तरा मुलानं वापरायच्या काळात हत्याराची ही रचना फार मोलाची होती.

पातं खोलगट का? एक तर धारेमागचा भाग पातळ असला की दगडावर फार कमी पोलाद घासावं लागतं. दुसरं, पातळ पातं किंचित लवतं आणि त्वचेच्या चढ-उतारांशी जुळवून घेतं. जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर या खोल घासणीत इतके तरबेज झाले, की त्यांच्या वस्तऱ्याच्या पात्यावर केस कापताना बारीक नाद उमटतो. खुंट कापले जाण्याचा कोरडा, खुसखुशीत आवाज आला तर काम बरोबर चाललंय. आवाज गेला आणि ओढल्यासारखं वाटलं तर धार किंवा कोन यांपैकी काहीतरी बिघडलंय. झोलिंगेन हे नाव पात्यांवर कुणी वापरावं, याचा जर्मनीत १९३८ साली स्वतंत्र कायदा झाला होता, यावरून त्या गावाच्या कसबाची पत कळते.

पट्टा आणि दगड

धारेची अगदी टोकाची कड एका मायक्रॉनहूनही बारीक असते. दाढी करताना ती जागोजाग सूक्ष्म प्रमाणात वाकते. चामड्याचा पट्टा ही वाकलेली कड सरळ करतो. पोलाद तो फारसं काढत नाही. म्हणून पट्टा प्रत्येक दाढीआधी वापरायचा आणि दगड क्वचित, काही महिन्यांनी.

पट्ट्यावर वस्तरा चालतो तो पाठीकडून. पाठ पुढे, धार मागे. पट्ट्याच्या शेवटी पातं उलटवताना ते पाठीवरच लोळवायचं. धार क्षणभरही खाली यायला नको, नाहीतर पट्टा तरी कापला जातो किंवा धार तरी जाते. पट्टा ताणलेला हवा. ढिल्या पट्ट्याला झोळ पडतो, चामडं धारेला वळसा घालतं आणि सरळ व्हायच्या ऐवजी कड गोल होते. दाब नकोच. आधी कापडी बाजूवर वीस-पंचवीस आणि मग चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या, तेही सावकाश, एवढं पुरतं. वेगानं पट्टा मारणारा कारागीर पाहायला छान वाटतो. त्याचा वेग वर्षांच्या सरावातून आलेला असतो, धारेला त्याची गरज नसते.

पट्ट्यानंही वस्तरा जिवंत होईना, तर मग दगड. इथे चाल उलटी: धार पुढे. वस्तरा पाजळायला हजार क्रमांकाच्या दगडापासून सुरुवात करून चार हजार, आठ हजार आणि मग त्याहून बारीक असे दगड वापरतात. क्रमांक जितका मोठा, दगडाचे कण तितके बारीक आणि आधीच्या दगडाचे ओरखडे तितके पुसले जातात. बेल्जियममधल्या आर्देन भागातला फिकट पिवळा नैसर्गिक दगड यासाठी नावाजलेला आहे. त्यात गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म कण असतात. नवशिक्यानं धार कारागिराकडूनच लावून घ्यावी. नवीन म्हणून विकले जाणारे कित्येक वस्तरे चेहऱ्याला लावण्याजोगे पाजळलेले नसतात आणि पहिल्याच दाढीत निराश होणाऱ्यांचं निम्मं दुःख तिथून येतं.

दाढी झाली की पातं धुवून कोरडं पुसायचं आणि मुठीत मिटण्याआधी थोडा वेळ उघडं ठेवायचं. कार्बनचं पोलाद गंजतं आणि गंज सर्वांत आधी धारेला गाठतो, कारण तिथे धातू सर्वांत पातळ. पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर बाराही महिने, पात्यावर तेलाचा हलका हात फिरवून ठेवावा.

तीस अंश

आता प्रत्यक्ष दाढी. वस्तरा धरताना मूठ वर उघडलेली असते. पात्याच्या मागच्या निमुळत्या भागावर तीन बोटं, खालून अंगठा आणि शेपटीवर करंगळी. पकड पेन धरण्याइतकी हलकी.

पातं त्वचेवर पूर्ण आडवं टेकवा आणि मग पाठ उचला. पाठ आणि त्वचा यांच्यात पाठीच्या जाडीच्या दीड-दोन पट फट पडली, की कोन साधारण तीस अंशांचा होतो. यापेक्षा कोन कमी झाला तर धार केसावरून घसरते आणि त्याला ओढते. जास्त झाला तर ती त्वचा खरवडते. गालाच्या सपाटीवर हा कोन सांभाळणं सोपं. जबड्याच्या कडेशी आणि हनुवटीपाशी चेहरा वळतो, तिथे मनगटालाही तितकंच वळावं लागतं. म्हणून शिकताना पहिले काही दिवस फक्त गाल वस्तऱ्यानं करावेत आणि बाकीची दाढी नेहमीच्या रेझरनं उरकावी.

मोकळा हात या कामात अर्धा भागीदार असतो. ढिली त्वचा धारेपुढे दुमडते आणि दुमडलेल्या जागीच कापतं. ताणलेली त्वचा सपाट राहते, आणि त्यामुळे केसाचं मूळही किंचित वर येतं. गाल करताना कल्ल्यापाशी बोटं ठेवून त्वचा वर ओढायची. जबड्याच्या कडेचं काम करताना गळ्याची त्वचा वर गालाकडे ओढून घ्यायची, म्हणजे कडेवरचं काम सपाटीवर येतं. ओठावरची जागा करताना वरचा ओठ दातांवरून खाली ओढायचा. कंठमण्यावरून वस्तरा नेण्यापेक्षा तिथली त्वचा बाजूला ओढून ती सपाटीवर करावी. कोरड्या बोटांनीच त्वचा धरता येते. फेसानं बोटं निसरडी झाली तर तुरटीचा खडा बोटांवर फिरवला की पकड येते.

हात दोन-तीन सेंटिमीटरचे, आखूड मारायचे. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरेसं असतं. केस कापला जात नसेल तर दाबायचा मोह होतो. पण त्या वेळी चूक भिजवण्यात, कोनात किंवा धारेत असते आणि दाबानं यातलं काहीच सुधारत नाही. मऊ त्वचा मात्र दाबाखाली धारेपुढे फुगवटा धरते आणि केसाबरोबर तिचाही थर निघतो. दाढीनंतर जी आग होते, ती बहुतेक वेळा या खरवडलेल्या थराची.

धारेच्या दिशेनं सरकू नये

वस्तऱ्यानं होणाऱ्या बहुतेक जखमांचं कारण एकच असतं: पातं पुढे जाण्याऐवजी धारेच्या लांबीच्या दिशेनं सरकतं. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर टोमॅटो चेपतो, पण सुरी जराशी पुढे-मागे ओढली की साल लगेच कापली जाते. मऊ पदार्थांच्या बाबतीत असं का होतं, याचं गणित हार्वर्ड विद्यापीठातले एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलं. नुसत्या दाबानं मऊ पदार्थ आतपर्यंत दबतो आणि भेग पडायला बरंच बळ लागतं. धार आडवी सरकली की पृष्ठभागावर ताण निर्माण होतो आणि फार कमी बळात भेग पडते.

त्वचा अशीच मऊ आहे. धारेला काटकोनात, सरळ पुढे जाणारा वस्तरा तिच्यावरून सुखरूप जातो; तोच वस्तरा तितक्याच हलक्या हातानं आडवा सरकला तर खोल चीर पडते. त्यामुळे नियम साधे: पातं टेकवल्यावर आणि उचलण्याआधी ते आडवं सरकवायचं नाही. दाढी करताना बोलायचं नाही, हसायचं नाही. वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जायचं नाही. खाली पडू द्यायचा.

सुलटी, आडवी, उलटी

केस कुठल्या दिशेनं वाढतात हे दाढी करण्याआधी बोटं फिरवून पाहावं. गालावर ते सहसा खाली वाढतात. गळ्यावर मात्र कुणाचे वर, कुणाचे तिरके, कुणाचा तिथे चक्क भोवरा असतो. पहिली फेरी नेहमी केसांच्या दिशेनं. ती दाढी गुळगुळीत करण्यासाठी नसते, केसांची लांबी कमी करण्यासाठी असते. पुन्हा फेस लावून दुसरी फेरी आडवी. इतक्यावर बहुतेकांची दाढी स्वच्छ होते.

तिसरी, उलटी फेरी ऐच्छिक आहे. हात फिरवल्यावर कुठेही खुंट लागू नये असं वाटत असेल, तर ती करावी लागते. त्वचा ताणून उलटा हात मारला की केस पृष्ठभागाच्याही किंचित खाली कापला जातो. त्वचा सोडली की तो आत जातो. हाच गुळगुळीतपणा कुरळ्या आणि राठ केसांच्या माणसांना महागात पडतो. तीक्ष्ण टोकाचा केस वाढताना बाहेर न येता त्वचेतच घुसतो आणि गळ्यावर दुखऱ्या पुटकुळ्या येतात. ज्यांना हा त्रास होतो त्यांनी गळ्यावर उलटी फेरी सोडूनच द्यावी. जवळची दाढी आणि सुखाची दाढी या दोन्ही गोष्टी एका मर्यादेपर्यंत हातात हात घालून जातात. गळ्यावर बहुतेकदा त्यांची ताटातूट होते आणि तिथे सुखाची बाजू घेणं शहाणपणाचं.

वस्तऱ्यानं दाढी केली की केस जाड येतात, हा समज मात्र काढून टाकायला हरकत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीचे केस महिनोन्‌महिने जमवून, मोजून १९२८ साली दाखवून दिलं, की दाढी केल्यानं केसाची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही. वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. बोटाला ते जाड लागतं इतकंच.

शेवटी गार पाण्यानं चेहरा धुवून ओल्या त्वचेवरून तुरटी फिरवावी. तुरटी प्रथिनं गोठवते, त्यामुळे बारीक रक्त थांबतं. ती एक चोख परीक्षाही घेते: जिथे चुरचुरलं तिथे आज हात जड पडला. चेहऱ्यावर फोड किंवा पुरळ असेल, किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

हात कुणाचा?

युरोपात अठराव्या शतकापर्यंत वस्तरा हे मुख्यतः दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतं. १७६९ साली पॅरिसचे कारागीर झाँ-झाक पेरे यांनी स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पुस्तक लिहिलं आणि पात्याला लाकडी आड बसवलेला वस्तराही सुचवला, म्हणजे धार खोल जाणार नाही. पुढची दीडशे वर्षं याच दिशेनं प्रयत्न झाले: कोन आणि खोली हातावर न सोडता धातूत बांधून टाकायची. किंग जिलेट यांच्या कंपनीनं १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली. दुसऱ्या वर्षी ९० हजारांहून जास्त रेझर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं सुमारे ३५ लाख रेझर घेतले. सैनिक घरी परतले ते स्वतः दाढी करायची सवय घेऊन.

आपल्याकडे वस्तरा बराच काळ नाभिक कारागिराच्या धोकटीत राहिला. गावोगाव घरी येऊन, अंगणात उकिडवं बसून दाढी करणाऱ्या या कारागिराला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा भोवरा पाठ असे. हे कसब कशासाठी वापरायचं, हा प्रश्नही या समाजानं विचारला. १८९० च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला. ज्या हाताशिवाय ही रूढी चालू शकत नव्हती, तोच हात मागे घेतला गेला.

सलूनमधला वस्तरा बदलला तो रोगाच्या भीतीनं. एकाच धारेनं अनेकांची दाढी केली तर 'हिपॅटायटिस बी'सारखी कावीळ आणि एचआयव्ही रक्तातून पसरू शकतात. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली आणि पुढच्या काळात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड ही मागणी सर्वत्र झाली. आज कारागीर दुधारी ब्लेड मधोमध मोडतो आणि अर्धा तुकडा वस्तऱ्यासारख्या दिसणाऱ्या धारकात बसवतो. तो तुकडा नवा आहे ना, हे गिऱ्हाइकानं डोळ्यांनी पाहावं. त्यात संकोच कसला. ब्रश आणि तुरटीच्या खड्याबाबतही तितकाच चोखंदळपणा हवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या निर्जंतुक न केलेल्या दाढीच्या ब्रशांतून अँथ्रॅक्सची लागण झाली होती.

अर्ध्या ब्लेडला पट्टा नको, दगड नको, गंजाची चिंता नको. पण ते जुन्या वस्तऱ्याइतकं क्षमाशील नसतं. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं ते ब्लेड जास्त तीक्ष्ण असतं, त्याचे कोपरे टोकदार असतात आणि धारकात घट्ट बसल्यामुळे ते खोलगट पात्यासारखं लवत नाही. कोन चुकला तर ते लगेच कापतं. तरीही ते रोज शेकडो चेहऱ्यांवरून सुखरूप फिरतं, यात ब्लेडच्या कंपनीचा वाटा कमी आणि कारागिराच्या मनगटाचा जास्त.

स्वतःसाठी वस्तरा घ्यावा का, हा हौसेचा, वेळेचा आणि स्थिर हाताचा प्रश्न आहे. ज्याला सकाळी पंधरा मिनिटंही सापडत नाहीत त्यानं त्या फंदात पडू नये. पण या सगळ्यातलं बहुतेक शिक्षण साध्या वीस रुपयांच्या रेझरलाही लागू पडतं. चेहरा आधी साबणानं धुवा, दाढी दोन मिनिटं जास्त भिजवा, मोकळ्या हातानं त्वचा ताणा, पहिली फेरी केसांच्या दिशेनं मारा आणि नेहमीच्या निम्मा दाब द्या. तुरटी फिरवल्यावर कुठेच चुरचुरलं नाही, तर नव्या हत्याराची गरज नाही.